नऊ फळ्यांचं दुकान

आबा नववी फळी उचलतात आणि खाचेतून वाळवीचा भुसा भुरभुर खाली पडतो. जुनी सागाची फळी. आठ इंच रुंद, माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच. वरच्या टोकाला पटाशीने कोरलेला आकडा आहे: ९. ती भिंतीला टेकवून आबा आठवी काढतात, मग सातवी. या फळ्या हाताने तासलेल्या आहेत, दोन सारख्या नाहीत. म्हणून आकडे. पाचवीच्या जागी चौथी घातली तर सगळं दार अडतं. सहावी तेवढी फणसाची, पिवळसर. जुनी सहावी वाळवीने खाल्ली तेव्हा आबांनी स्वतः बसवलेली.

"एक-एक कर काढतंय. घाय केली तर फुटतली," आबा म्हणतात. आम्ही दोघी जावा रस्त्याच्या कडेला छत्र्या मिटून उभ्या.

तारीख १३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. काल गौरीबरोबर घराघरातले गणपती गेले. पहाटे सर येऊन गेली, लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडून येणारा रस्ता अजून काळा-ओला आहे. तळ्याच्या बाजूने माडांवरून टपटप पाणी गळतंय. दोन मुंबईच्या गाड्या देवळाकडे वळतात, एका गाडीच्या काचेला अजून फुलांची माळ आहे. आमचं वालावल असं भरलेलं वर्षातून मोजकेच दिवस असतं. आणि आम्हांला हेच दिवस हवे होते. या दुकानाच्या जागेवर ज्यांची नावं लागली आहेत त्या अकरा माणसांतले आबा तेवढे गावात, बाकीची डोंबिवली, विरार, बडोदा, कोल्हापूर अशी विखुरलेली आहेत. ती एका खळ्यात एकत्र येतात ती फक्त चतुर्थीला. उद्या रात्रीपासून गाड्या सुटायला लागतील. म्हणजे आमच्या हातात आजचा दिवस आहे.

शेवटची फळी निघते. आतून थंड, कोंदट वारा बाहेर येतो. त्या वासात जुना गूळ आहे, रॉकेल आहे, सुतळीची पोती आहेत. दुकान बंद होऊन तेरा वर्षं झाली तरी वास गेलेला नाही. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, आतून चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. दोन ठिकाणी कौल सरकलंय, तिथून उजेडाचे दोन कवडसे जमिनीवर पडलेत. कोपऱ्यात तराजूची साखळी लोंबतेय. पारडी नाहीत.

धाकटी जाऊ कनवटीची सुतळी काढते. तिने काल रात्री तिला गाठी मारून ठेवल्या आहेत. पहिली गाठ म्हणजे गिरणीची रुंदी, दुसरी मसाल्याच्या कांडप मशीनची, तिसरी दोन्हींच्या मधे पोतं घेऊन बाईला उभं राहता येईल एवढी जागा. भिंतीपासून भिंतीपर्यंत ती सुतळी ताणते, एक टोक माझ्या हातात देते आणि दारापर्यंत मागे मागे जाते.

"वैनी, बसतला," ती म्हणते. "दोनय बसतली."

दहा फूट बाय चौदा फूट. एकशे चाळीस चौरस फूट. एवढी जागा विकत घेण्यासाठी आम्ही सव्वा वर्ष फिरतोय.

आमची गिरण सध्या घराच्या पडवीत आहे, सिंगल फेजवर चालणारी, लहान. घावण्याचं तांदळाचं पीठ, वड्याची भाजणी, नाचणी, कुळथाची पिठी एवढं तिच्यावर होतं. मसाला होत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत इथल्या घरोघरी वर्षाचा मसाला होतो. मिरच्या वाळवायच्या, धणे-बडीशेप भाजायची आणि डबे घेऊन रिक्षाने कुडाळ गाठायचं. कांडपाच्या दारात तीन तीन तास ओळीत उभं राहायचं. चेंदवणच्या, कवठीच्या बायकाही तेच करतात. आमची पडवी वाडीच्या आतल्या पाणंदीला आहे, तिथे गाडी येत नाही, थ्री फेजची लाइन येत नाही. लाइन रस्त्याने जाते, आणि रस्त्याला मोकळी, पक्की, बंद पडलेली अशी एकच जागा आहे. ही. कुडाळात गाळे मिळतात, कागद तयार असतात, बँक कर्जही देते. पण आमचं गिऱ्हाईक डोक्यावर डबा घेऊन चालत येणारं आहे. गिरण कुडाळात नेली तर ती गिरण कोणासाठी?

आबांना दुकान विकायचं आहे. गुडघे गेलेत, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यांनी पहिल्याच भेटीत होकार दिला होता, दर ठरला होता, बायकोने चहाबरोबर खोबऱ्याची वडी दिली होती. मला वाटलं होतं, महिन्याभरात खरेदीखत होईल. पहिला कागद हातात आला त्या दिवशी कळलं, आबा विकायला तयार आहेत हे खरं, पण विकायला त्यांच्याकडे आहे काय हा प्रश्न आहे.

"दुकान माझ्या बापाशीन बांधल्यान," आबा आताही तेच सांगतात, चिऱ्यावर हात ठेवून. "चिरो तेचो, कौलां तेची, फळयो तेच्यो. जमीन मात्र सगळ्यांची."

हे वाक्य इथे कोणालाही खटकत नाही. कोकणात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. घर एकाचं, त्याखालची जमीन सगळ्या भाऊबंदांची, आणि झाडं तिसऱ्याचीच. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकात दुकान आबांच्या नावावर आहे, घरपट्टी आबा भरतात, पावत्या डब्यात नीट लावलेल्या आहेत. पण घरपत्रक म्हणजे कर कोण भरतो त्याचा कागद, मालकीचा नव्हे. मालकी बघायची तर सातबारा, आणि सातबाऱ्यावर दुकान नाहीच. तिथे आहे बेचाळीस गुंठ्यांचा एक सर्वे नंबर, जिराईत, भोगवटादार वर्ग १, आणि खाली अकरा नावं.

आम्ही दुकान तसंच उघडं ठेवून आबांच्या खळ्यावर जातो. माटवीची फळं अजून ओटीवर टांगलेली आहेत. एक तवसं, सुपारीची शिपटी, तेरड्याची सुकलेली फुलं. गणपतीचा चौरंग रिकामा, पण समई तेवतेय. खुर्च्या, बाकडं, चटई, जे मिळेल त्यावर माणसं बसली आहेत. डोंबिवलीचे काका अर्ध्या चड्डीत. विरारच्या दोघी विधवा जावा एकमेकींना टेकून. बडोद्याचा पुतण्या मोबाइलवर कोणाला तरी सांगतोय की बैठक चालू आहे. कवठीला दिलेली आबांची मोठी बहीण, जिला गाव आक्का म्हणतं, ती दाराच्या चौकटीत आत-बाहेर अशी बसली आहे, सुपातलं भात निवडत.

मी सातबारा मधे ठेवते. काका चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागतात. नावांपुढे आणेवारी आहे. ज्यांनी ती कधी पाहिली नसेल त्यांना हे सांगायला हवं की इथे अजून जमिनीचा रुपया धरतात. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. आबांचा आज्या धरून चार भाऊ, प्रत्येकाला चार आणे. आज्याच्या चार आण्यांचे तीन मुलगे धनी झाले, म्हणजे प्रत्येकी एक आणा चार पै. तो एक आणा चार पै आबांच्या वडिलांचा आणि आता आबांचा. बेचाळीस गुंठ्यांतला बारावा हिस्सा, साडेतीन गुंठे. ते साडेतीन गुंठे कुठे आहेत, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. ते फणसाखाली असतील, विहिरीकडे असतील, दुकानाखाली असतील. सगळीकडे थोडे थोडे आहेत. प्रत्येक चिऱ्याखाली अकरा जणांची पै पै आहे.

"म्हणजे दुकानाखालच्या जमिनीत माझे पण आहेत," पुतण्या मोबाइल खाली ठेवत म्हणतो. त्याच्या आवाजात लोभ नाही, नवल आहे. तो इथे जन्मला नाही.

"असत ना," आबा म्हणतात. "म्हणानच बोलावलंय."

वकिलांनी आम्हांला जे वर्षभर टप्प्याटप्प्याने समजावलं ते मी आता सगळ्यांना सांगते. सांगताना माझा घसा कोरडा होतो. आमचं दुकान एका गुंठ्याच्या जेमतेम आठव्या भागात बसतं. शेतजमिनीचा एवढा तुकडा वेगळा करून विकता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे, आणि २०२३ साली ठरलेलं प्रमाणभूत क्षेत्र जिराईतीला वीस गुंठे आहे. त्याखालचा तुकडा वेगळा होत नाही. तो बिनशेती झाला तर होतो. बिनशेती करायला आधी हिस्सा वेगळा हवा. वाटपाला महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करता येतो, व्यवहारात त्याला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. मग मोजणी, मग नकाशा, मग सनद, मग खरेदीखत. दुसरा रस्ता म्हणजे आबांचा अविभक्त हिस्सा तसाच विकत घ्यायचा. मग आम्ही बेचाळीस गुंठ्यांत बाराव्या हिश्शाच्या धनी होऊ, पण दुकान आमचं म्हणून दाखवता येणार नाही. बँकेच्या वकिलांनी तो रस्ता पहिल्याच दिवशी बंद केला. त्यांना तीस वर्षांचा सर्च हवा आहे, चतुःसीमा हव्या आहेत, आणि वंशावळ हवी आहे.

"मगे गावठाणात धरूक गावणा नाय?" विरारच्या थोरल्या विचारतात. त्यांचं माहेर सांगलीकडचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, बोली इथली झाली, पण गाव म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अजून तेच येतं: मधे एकवटलेली घरं, भोवती शेत. तसं गाव असेल तर कायद्यालाही ते दिसतं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीची सवलत आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणावर ड्रोन फिरवून घरांच्या मिळकत पत्रिका होतात. पण आमची घरं वाडीवाडीत, प्रत्येक घर आपल्या माडांत, दोन घरांमधे गडगा आणि व्हाळ. घर हेच शेतात आहे. हे दुकान ज्या सर्वे नंबरात आहे तो गावठाणात येत नाही, त्याच्या आसपासही नाही. छप्पन्न वर्षांपूर्वी बांधलेलं, तीन पिढ्यांनी मीठ-मिरची नेलेलं दुकान कागदावर आजही नाचणीचं शेत आहे.

आणि नाचणीवरून आठवलं, कूळ आलेलं आहे.

तो खळ्याच्या कडेला, गडग्यापाशी उभा आहे, बोलावल्याशिवाय पुढे येत नाही. तिशीतला मुलगा, कुडाळात रिक्षा चालवतो. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात त्याच्या आज्याचं नाव आहे, साधे कूळ म्हणून. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जे कसत होते ते मालक ठरले. ज्यांची किंमत ठरवण्याची प्रकरणं पुरी झाली त्यांची नावं मालक म्हणून वर चढली. ज्यांची झाली नाहीत ती याच रकान्यात राहिली. हा आज्या राहिलेल्यांतला. त्याने या बेचाळीसपैकी एका कोपऱ्यात काही वर्षं नाचणी केली, मग तो गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेला. नाव तेवढं इथे थांबलं.

आबा त्याला हाताने खुणावतात, बस म्हणतात. तो चटईच्या टोकावर बसतो.

"माझ्या आज्यान हयसर नाचणो केल्यान म्हणान नाव लागला," तो म्हणतो. "माका काय नको. खंय सही करू ता सांगा."

कुठे सही कर हे मी त्याला सांगू शकत नाही. त्याच्या सहीने नाव जात नाही. त्यासाठी तहसीलदारांपुढे प्रकरण चालवावं लागेल, आज्याचे सगळे वारस शोधावे लागतील, त्याच्या तीन आत्या आणि एक काका. मी हे सांगते तेव्हा तो मान हलवतो. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणतो, "पुढच्या म्हयन्यात रिक्षा पासिंगाक हा. तेच्या आधी सांगशात तर येतंय." आबांची सून त्याला चहा आणून देते.

मला या जागी थांबून एक गोष्ट म्हणायची आहे, कारण सव्वा वर्षात मी अनेक दारांत चिडले, आणि चिडताना कोणावर चिडायचं ते मला नेहमी चुकीचं सुचलं. तुकडेबंदी का आली? शेताच्या चिंधड्या झाल्या तर त्यावर कोणाचंच पोट भरत नाही म्हणून. ते बरोबर. कुळकायदा का आला? कसणाऱ्याच्या हातात जमीन असावी म्हणून. ते तर माझ्या सासरच्यांचंच भलं झालं, आमची दोन एकर कुळकायद्याची आहे. सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीशिवाय विक्री नको, हेही बरोबर. नाहीतर मुंबईत बसलेल्याची जमीन गावातला भाऊ परस्पर विकेल. एकेक कायदा घ्या, त्याच्या मागे कोणाचं तरी रडणं थांबवायची धडपड आहे. पण ते सगळे एकाच वेळी एका दहा बाय चौदाच्या दारात येऊन उभे राहतात, आणि वाडीत राहणाऱ्या माणसाचं घर-दुकान म्हणून वेगळं काही असतं हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला १९८१ साली, पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली. इथल्या तरुणांनी इथेच धंदा करावा असं प्रत्येक व्यासपीठावरून सांगतात. धंद्याला पहिली लागते ती जागा. वाडीतल्या जुन्या बांधकामाखालची जमीन, तेवढ्यापुरती, वेगळी करून देणारा सोपा रस्ता या जिल्ह्याला हवा आहे, आणि तो मागितला पाहिजे. मी तो इथे मागते आहे.

खळ्यावर आता दराचं निघालंय. ते निघणारच होतं.

"माझी हरकत नाय," डोंबिवलीचे काका म्हणतात. "पण दर गेल्या वर्सा ठरलो. विमानतळ झालो, रस्ते झाले. आता हयसरचो भाव तो रवलो नाय."

चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, इथून जवळच. तेव्हापासून आसपासच्या प्रत्येक कातळाला दर आलाय. गेल्या चतुर्थीला आम्ही साडेतीन लाखांवर हात मिळवले होते. शिमग्यात ते पाच झाले. आता काका सात म्हणतायत. मुद्रा कर्जाचा आमचा अर्ज जागेला साडेतीन धरून केलेला आहे, आणि कर्ज मिळणार ते मशिनांना, जागेला नाही. जागेचे पैसे म्हणजे जावेच्या पाटल्या आणि माझ्या नवऱ्याचे भविष्य निर्वाह निधीतले.

धाकटी काही बोलत नाही. सुतळीच्या गाठी बोटांनी चाचपत बसते.

"काका," मी म्हणते, "तुमचो हिस्सो तुमका हवो त्या दरान घ्या. पण तो दर जमिनीचो. दुकानाचो नको. दुकान आबांचा."

काका माझ्याकडे बघतात, मग आबांकडे. बराच वेळ कोणी बोलत नाही. पुतण्या कॅल्क्युलेटर काढतो आणि दुकानाखालच्या जमिनीची वाटणी करायला घेतो. एकशे चाळीस चौरस फुटांत काकांच्या वाट्याला किती? एक आणा चार पै, म्हणजे जवळजवळ पावणेबारा चौरस फूट. तो आकडा पुतण्या मोठ्याने वाचतो. पावणेबारा फूट म्हणजे एक चटई नीट पसरत नाही. काका चष्मा काढतात, पंच्याला पुसतात.

"रवांदे," ते म्हणतात. "ठरला ता ठरला. माझ्या आवशीन ह्या दुकानातसून उधारीर तांदूळ नेल्यान."

मग सह्या सुरू होतात. शंभराच्या मुद्रांकावर वकिलांनी लिहून दिलेलं संमतीपत्र, वाटपासाठी. काका सही करतात, लांबलचक, गिरणीतल्या हजेरीपटावर करायचे तशी. विरारच्या थोरल्या अंगठा देतात, धाकट्या सही करतात. पुतण्या वडिलांचं कुलमुखत्यारपत्र दाखवतो. कोल्हापूरचे दोघे भाऊ नंतर येणार म्हणून सांगून गेले होते, ते खरंच येतात. प्रत्येक सहीनंतर मी कागद उन्हात धरते, शाई वाळेपर्यंत. दुपारी दोनपर्यंत नऊ सह्या होतात. दहावी आबांची. अकरावा हिस्सेदार कोकण रेल्वेने सकाळीच परत गेलेला, पण त्याने कोऱ्या कागदावर नव्हे, याच संमतीपत्राच्या दुसऱ्या प्रतीवर परवाच सही करून ठेवली आहे. मला विश्वास बसत नाही. धाकटी जाऊ माझा हात दाबते.

बँकेच्या वकिलांनी वंशावळीत मुलीही मागितल्या आहेत. आबांच्या वडिलांना दोन अपत्यं, आबा आणि आक्का. वडील १९८७ साली गेले तेव्हा वारस नोंदीत एकट्या आबांचं नाव लागलं. तेव्हा सगळ्यांचं तसंच लागायचं. आता आक्काची सही हक्कसोड पत्रावर हवी, म्हणजे झालं. वकिलांनी तोही कागद दिलाय. मी तो काढते आणि चौकटीत बसलेल्या आक्कापुढे धरते.

ती सूप बाजूला ठेवते. हात पदराला पुसते. कागद घेत नाही.

"ह्यात काय लिवलाहा?"

मी वाचून दाखवते. लिहून देणार या सदर मिळकतीतील आपला हक्क, हिस्सा व हितसंबंध स्वखुशीने सोडून देत आहेत.

"माझो हक्क सोडतंय?"

"व्हय, आक्का."

"तो खंय असा ता आधी दाखव."

मी सातबारा उचलते. अकरा नावं. ती वाचू शकते, सातवी शिकली आहे. बोट ठेवून एक एक नाव खाली खाली वाचत जाते. काकांचं, विरारच्या दोघींचं, आबांचं. खालपर्यंत जाते, मग इतर अधिकारात. कुळाचं नाव वाचते. तो रिक्षावाला मुलगा अजून तिथेच आहे, रिकामा कप हातात घेऊन.

"ह्याच्या आज्याचा असा," ती म्हणते. "माझा नाय."

आबा खाली बघतात. आबांनी तिला कधी टाकलेलं नाही. दर मे महिन्यात सोलं, काजूगर, दोन फणस कवठीला जातात. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात पैसे आबांनीच दिले. गौरीला ती ओवसा घेऊन आली की तिचा मान याच घरात असतो.

"हे दुकान बांधला तेव्हा मी पंधरा वर्साचा चेडू," आक्का सांगते. आवाज चढलेला नाही. "अडुसष्ट साल. चुन्याच्यो पाटयो मी व्हावलंय. तळ्यावरचा पाणी मी हाडलंय. तीन वर्सांनी माका दिला कवठीक. पैसे माका नको. दुकान तुमी दोघीनी घेवा, माका बरांच वाटतला. पण पयला माझा नाव लावा. एकदा लागांदे. मगे मी सोडतंय."

कोणी काही बोलत नाही. माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण याचा अर्थ मला बाकी कोणाहीपेक्षा लवकर कळतो. वारस नोंदीची दुरुस्ती. अर्ज, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, हरकत आली नाही तर फेरफार मंजूर. मग नवा सातबारा, त्यावर बारा नावं, आणि आजच्या संमतीपत्रात अकराच. म्हणजे हे पुन्हा. पुढच्या चतुर्थीला.

एक क्षण माझ्या मनात येतं की तिला समजवावं. आक्का, कागदावर नसलं म्हणून हक्क जातो थोडाच. १९५६ च्या कायद्याने बापाच्या हिश्शात तू आहेसच. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला, ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं, बाप तेव्हा हयात असो नसो. तू सही केलीस तर हक्क होता म्हणूनच केलीस, हे कागदच सांगेल. हे सगळं खरं आहे. पण मी ते म्हणत नाही. माझं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. १९९२ साली सरकारने लक्ष्मीमुक्तीची सोय केली, नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव लागतं. आमच्या घरात तो अर्ज कोणी केला नाही, मीही कधी म्हटलं नाही. सव्वा वर्ष मी माझ्या नावावर एक गुंठ्याचा आठवा भाग व्हावा म्हणून धावते आहे. मग या बाईला, जिने चुन्याची पाटी वाहिली, तिच्या आठ पै बघायच्या असतील तर मी कोण अडवणारी?

धाकटी जाऊ उठते. मला वाटतं ती रडायला आत जातेय. ती आक्काच्या बाजूला चौकटीत जाऊन बसते, सूप मांडीवर घेते आणि उरलेलं भात निवडायला लागते.

"वंशावळ आजच लिवया," आबा म्हणतात. ते उठून आत जातात, देवघराच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढतात. घरपट्टीच्या पावत्यांखाली एक पिवळा पडलेला कागद आहे, मुंबईच्या रुग्णालयातला, वडिलांचा. दाखला म्हणून तो चालेल की नाही मला माहीत नाही, पण तारीख आहे. काका आपल्या आठवणीतून आज्यासकट चारही भावांची नावं सांगतात. पुतण्या मोबाइलवर फोटो काढून घेतो. त्याला हे कोणी कधी सांगितलेलं नाही. कोण कुठे गेला, कोणाला मूल नव्हतं, कोणी दत्तक घेतला, कुठली मुलगी कुठल्या गावात दिली. मुलींची नावं आठवायला वेळ लागतो. विरारच्या थोरल्यांना दोन आठवतात, आक्काला उरलेल्या तीन.

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे. दुकानाचं दार सताड उघडं आहे, फळ्या भिंतीला टेकलेल्या भिजतील म्हणून रिक्षावाला मुलगा धावतो. तो एक एक आत घेतो, आकडे बघून ओळीने लावतो.

मी वहीचं नवं पान काढते. वर 'वंशावळ' लिहिते, खाली रेघा मारते. आबांच्या वडिलांच्या नावाखाली दोन फाटे. एकावर आबा. दुसऱ्या फाट्याशी पेन थांबतं. गावाला ती आक्का, कवठीला कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई. मी विचारते, लग्नाआधीचं पुरं नाव सांगा.

ती सांगते. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. मधे एकदा अडखळते. त्रेपन्न वर्षांत ती तिन्ही नावं एका ओळीत कोणी लिहिलेली नाहीत. मी लिहिते. ती वही आपल्याकडे ओढते, डोळ्यांजवळ नेते, ओठ हलवत वाचते.

"ही वेलांटी पयली नाय," ती म्हणते. "दुसरी."

मी खोडते आणि पुन्हा लिहिते.